दोन सिम्युलेटर जोडले, पॅकेट पोहोचली, तरी लढाई जुळत नाही: चूक कुठे शोधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्याकडे हवाई संरक्षणाच्या रडारचा आणि कमांड पोस्टचा सिम्युलेटर आहे, दुसऱ्या कंपनीकडे लढाऊ विमानाचा. दोन्ही आपापल्या जागी नीट चालतात. ग्राहकाने एकत्र चालवून दाखवा म्हटलं, तुम्ही ते डीआयएसने, म्हणजे नेटवर्कवरून सिम्युलेटर जोडण्याच्या एका मानक पद्धतीने, जोडले. पॅकेट येतात-जातात, पण त्यांच्याकडची जमिनीवरची वाहनं तुमच्या पडद्यावर मातीत गाडलेली दिसतात, विमान वळणावर उड्या मारतं, आणि तुमच्या क्षेपणास्त्राने पाडलेलं विमान त्यांच्या पडद्यावर मजेत उडत राहतं. एचएलएवर, म्हणजे त्याच कामाच्या दुसऱ्या मानक पद्धतीवर, जा, सगळं सुटेल, असा सल्ला तुम्हाला मिळालाय. शिवाय पुढच्या टप्प्यात खरी कमांड पोस्ट जोडायची आहे, तेव्हा खऱ्या यंत्रणा एकमेकींशी जुळतील हे सिम्युलेशनने सिद्ध होतं का, असंही विचारलंय.

एचएलएचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा. पॅकेट पोहोचतायत म्हणजे तारा आणि नेटवर्क आपलं काम करतायत. जुळत नाहीयेत ते अर्थ. दोन गावांचा कोस वेगळा असला की 'दोन कोसांवर भेटू' म्हणणारी माणसं वेगवेगळ्या झाडांखाली वाट बघत बसतात, तसं हे झालंय. डीआयएस काय किंवा एचएलए काय, निरोप पोहोचवण्याचं काम करतं. उंची कशापासून मोजली, वेळ कुठल्या घड्याळाची, विमान पडलं हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे दोन कंपन्यांनी बसून लिहून काढायचं असतं. तुमच्याकडे तेच राहून गेलेलं दिसतंय.

तुमचे आकडे समोर नाहीत, त्यामुळे लक्षणावरून कारण सांगतो. नेमकं कुठलं लागू आहे हे तुम्हालाच मोजून ठरवावं लागेल. 'खूप खाली दिसतंय' एवढ्यावर थांबू नका, किती मीटर खाली ते मोजा. चुकीचा आकडाच बहुतेक वेळा कारण सांगून टाकतो.

डीआयएसमध्ये जागा पृथ्वीच्या केंद्रापासून एक्स, वाय, झेड अशा मीटरमध्ये जाते. पृथ्वीचा आकार म्हणून डब्ल्यूजीएस-८४ चा एलिप्सॉइड, म्हणजे किंचित चपटा गोल, धरलेला असतो; त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. आता या एलिप्सॉइडपासूनची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची एक नव्हे. भारतात समुद्रसपाटी या एलिप्सॉइडच्या बरीच खाली येते. दक्षिणेकडे जावं तसा फरक वाढतो, मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात तो साठ-पासष्ट मीटरच्या आसपास असतो. पाठवणाऱ्याने बरोबर रूपांतर केलं आणि घेणाऱ्याने मिळालेली उंची थेट समुद्रसपाटीची समजली, तर वाहन साठेक मीटर गाडलं जातं. उलट झालं तर तेवढंच हवेत तरंगतं. दोघांनी सारखीच चूक केली असेल तर काहीच दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी तिसरा सिम्युलेटर जोडला की सगळे त्यालाच दोष देतात! युरोप-अमेरिकेतून घेतलेल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये ही चूक लपून राहते, कारण त्यांच्याकडे फरक बऱ्याच ठिकाणी आपल्यापेक्षा कमी असतो.

वाहन पाच किलोमीटरच्या घरात खाली दिसत असेल तर कोणीतरी पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा सरळ गोल धरलाय. उत्तर-दक्षिण बारा-तेरा किलोमीटरचा फरक दिसला तर अक्षांशाच्या दोन व्याख्यांची सरमिसळ आहे. नकाशावरचा अक्षांश एलिप्सॉइडच्या लंबावरून मोजतात, केंद्राशी होणाऱ्या कोनावरून नाही. पुण्याच्या अक्षांशावर या दोन कोनांत साधारण ०.१२ अंशाचं अंतर पडतं. आडवा फरक काही शे मीटरचा असेल तर भूभागाचा डेटा जुन्या एव्हरेस्ट डेटमवरच्या (डेटम म्हणजे मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आकार आणि आरंभबिंदू) नकाशांतून उचललाय का ते बघा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे त्याच डेटमवर आहेत, आणि संरक्षण दलांच्या नकाशांत तो अजूनही भेटतो. आणि स्थिर उभं वाहन अर्धा मीटर इकडे-तिकडे थरथरत असेल, तर कोणीतरी ६४ बिटांचा आकडा मधेच ३२ बिटांत कोंबलाय. साठ-सत्तर लाखांच्या आकड्यात ३२ बिटांची बारकाई अर्ध्या मीटरपलीकडे जातच नाही.

विमानाचं नाक भलतीकडे दिसत असेल तर तेही याच घरातलं. डीआयएसमधले तीन कोन रेडियनमध्ये आणि पृथ्वीकेंद्री अक्षांच्या संदर्भात असतात, स्थानिक उत्तर दिशेच्या नाही. वैमानिकाच्या होकायंत्रावरचा आकडा तसाच भरला तर दिशा चुकणारच.

आता वळणावरच्या उड्या. प्रत्येक विमानाची जागा सतत पाठवणं परवडत नाही, म्हणून डेड रेकनिंग वापरतात. पाठवणारा आणि घेणारा दोघेही शेवटच्या माहितीवरून पुढचा अंदाज बांधत राहतात. खरी जागा आणि अंदाज यांत ठरलेल्यापेक्षा जास्त फरक पडला की पाठवणारा नवं पॅकेट सोडतो. नेहमीची मर्यादा १ मीटर आणि ३ अंश. काहीच बदललं नाही तरी ५ सेकंदांनी एक पॅकेट जातं, आणि १२ सेकंद काही आलं नाही तर घेणारा ती वस्तू पडद्यावरून काढतो. ही युक्ती अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने १९८३ मध्ये सुरू केलेल्या सिमनेटमधली, रणगाड्यांचे सिम्युलेटर जोडण्यासाठी काढलेली. डीआयएस त्यातूनच पुढे आलं आणि १९९३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं १२७८ क्रमांकाचं मानक झालं. रणगाड्यांना ती शोभून दिसायची. लढाऊ विमान मात्र तिचा घाम काढतं.

त्यातली मेख अशी. अंदाज बांधण्याच्या पद्धतींना क्रमांक आहेत. क्रमांक २ मध्ये फक्त वेग धरतात, क्रमांक ४ मध्ये वेग, प्रवेग आणि फिरण्याचा दर. पाठवणारा ४ वापरतो, त्याचा अंदाज चांगला बसतो, म्हणून तो निवांतपणे क्वचित पॅकेट सोडतो. घेणाऱ्याने ४ लिहिलेलंच नसलं आणि तो गुपचूप २ समजून सरळ रेषेत पुढे नेत असला, तर ५ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट प्रवेगाच्या, वळणात एका सेकंदात सुमारे २५ मीटर, दोन सेकंदांत जवळजवळ १०० मीटरची चूक साठते. पुढचं पॅकेट आलं की विमान टुणकन खऱ्या जागी येतं. यावर बरेचजण पडद्यावर स्मूदिंग, म्हणजे उड्या गुळगुळीत करून दाखवणं, लावून मोकळे होतात. डोळ्यांना बरं दिसतं, पण तुमचं रडार आणि क्षेपणास्त्राचं गणित त्याच चुकीच्या जागेवर चालू राहतं. तेव्हा आधी दोन्ही बाजूंना कुठले क्रमांक खरोखर लिहिलेले आहेत ते विचारा. विक्रेत्याच्या पत्रकावर 'डीआयएस सुसंगत' एवढंच असतं, त्यातून हे कळत नाही.

उड्यांचं दुसरं कारण घड्याळ. डीआयएसचा टाइमस्टॅम्प, पॅकेटवरचा वेळेचा शिक्का, म्हणजे चालू तास सुरू झाल्यापासूनचा वेळ, एका तासाचे दोनाच्या एकतिसाव्या घाताइतके तुकडे करून. शेवटचा बिट १ असेल तर ती वेळ यूटीसीशी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेशी, जुळवलेली आहे, ० असेल तर त्या मशीनच्या स्वतःच्या घड्याळाची. यातून दोन चुका हमखास होतात. तास पालटला की आकडा शून्यावर येतो. घेणाऱ्याच्या कोडने 'हे जुनं पॅकेट' म्हणून फेकून दिलं तर बरोबर तासाच्या ठोक्याला सगळं गोठतं. दुसरी खास आपल्याकडची. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. ज्या देशांची वेळ पूर्ण तासांनी पुढे-मागे असते तिथे स्थानिक घड्याळावरून तासानंतरची मिनिटं काढली तरी चालून जातं. आपल्याकडे त्यात नेमका अर्धा तास चुकतो. २५० मीटर प्रति सेकंदाचं विमान अर्धा तास पुढे ढकललं तर साडेचारशे किलोमीटर लांब जातं, किंवा अजिबात दिसतच नाही. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये ही चूक वर्षानुवर्षं सुखाने नांदू शकते, कारण तिथे ती कधी उघडी पडलेलीच नसते.

घड्याळं जुळलेली नसतील तर २०० मिलिसेकंदांच्या फरकात हेच विमान ५० मीटर सरकतं. एकाच इमारतीत साधं एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची नेहमीची पद्धत, काही मिलिसेकंदांत घड्याळं जुळवून ठेवतं, बहुतेक कामाला तेवढं पुरतं. त्याहून बारीक हवं तर पीटीपी ही जास्त अचूक पद्धत. हवाई डावपेचांसारख्या घट्ट संबंधात एकूण विलंब १०० मिलिसेकंदांच्या आत, सैल संबंधात ३०० च्या आत, हा मानकातला धडा धरून चाला.

पाडलेलं विमान उडत राहतं, ही तिसरी तक्रार. इथे अधिकाराची वाटणी समजून घ्या. डीआयएसमध्ये गोळीबाराचं पॅकेट आणि स्फोटाचं पॅकेट मारणारा सोडतो. नुकसान किती झालं हे मात्र ज्याचं विमान तो ठरवतो आणि आपल्या विमानाची अवस्था बदलून सगळ्यांना कळवतो. तुम्ही तुमच्या पडद्यावर 'लक्ष्य नष्ट' लिहिलं असेल, तर तो तुम्ही स्वतःच दिलेला निकाल. त्यांच्या सिम्युलेटरने तो मानायला हवा असं कुठेच लिहिलेलं नाही.

त्यांनी तो का मानला नाही, याचं बहुधा सापडणारं कारण म्हणजे दारूगोळ्याचा प्रकार. प्रत्येक वस्तूला सात आकड्यांचा एक संकेत असतो: प्रकार, क्षेत्र, देश, वर्ग, उपवर्ग आणि आणखी दोन. देशाचा आकडा अमेरिकेसाठी २२५, रशियासाठी २२२. तुमच्या क्षेपणास्त्राचा संकेत त्यांच्या नुकसानीच्या तक्त्यात नसला तर त्यांचं सॉफ्टवेअर शांतपणे 'नुकसान शून्य' धरून पुढे जातं. चूक दाखवत नाही, लॉगमध्येही बरेचदा काही लिहीत नाही. देशी शस्त्रांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण तयार तक्त्यांत ती सापडत नाहीत आणि प्रत्येक कंपनी स्वतःच्या मनाने आकडे ठरवते. तुमच्या सरावात येणाऱ्या एकूण एक वस्तूची आणि दारूगोळ्याची एकच यादी करा, ती दोन्हीकडे तीच फाइल म्हणून वापरा, आणि अनोळखी संकेत आला तर लाल अक्षरात ओरडेल असा बदल दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये करून घ्या. दुसरं कारण विलंबाचं: स्फोट जगाच्या निर्देशांकात सांगितला आणि तोवर त्यांचं विमान ४० मीटर पुढे गेलं, की तो त्यांच्या लेखी लांबच फुटला. थेट आदळल्यास स्फोटाची जागा लक्ष्याच्या स्वतःच्या अक्षांत पाठवायची सोय आहे, ती वापरा.

एवढं जुळलं तरी लढाई न्याय्य होतेच असं नाही. तुमचं रडार ज्या भूभागावर बघतंय आणि त्यांचा वैमानिक ज्या भूभागाआड लपतोय, तो एकच आहे का? उंचीचा डेटा साधारण ९० मीटरच्या जाळीचा असतो किंवा ३० मीटरच्या. सह्याद्रीच्या अरुंद धारेवर ९० मीटरची जाळी टाकली तर माथा चक्क छाटला जातो. वैमानिकाला वाटतं आपण कड्याआड आहोत, तुमच्या रडारला मात्र तो कडाच दिसत नाही. रडारच्या क्षितिजाचंही तसंच. १० मीटर उंच अँटेना आणि ५० मीटरवरचं विमान, वातावरणातलं वक्रीभवन धरलं तर सुमारे ४२ किलोमीटरवर दिसायला लागेल, न धरलं तर साडेछत्तीसवर. एकाचं गणित असं आणि दुसऱ्याचं तसं असेल तर इशारा मिळण्याच्या वेळेत वीस-बावीस सेकंदांचा फरक पडतो. डावपेचांबद्दल काढलेला निष्कर्ष मग डावपेचांबद्दल उरत नाही, सॉफ्टवेअरबद्दल होतो.

आता एचएलए. ते वाईट नाही, फक्त तुमच्या आजाराचं औषध नाही. त्यात सगळे भागीदार आरटीआय नावाच्या मधल्या सॉफ्टवेअरमार्फत बोलतात (माहिती अधिकारवाला आरटीआय नव्हे), आणि कुठला डेटा कुठल्या आकारात ते एका सामाईक फाइलमध्ये लिहिलेलं असतं. २००० मध्ये ते आयईईई १५१६ म्हणून मानक झालं. पण मानक आहे ते प्रोग्रामने आरटीआयशी कसं बोलायचं याचं. दोन आरटीआयमधल्या तारेवरून काय जातं याचं नाही. त्यामुळे तुमच्याकडे एका कंपनीचं आरटीआय आणि त्यांच्याकडे दुसऱ्याचं असेल, तर 'दोघेही एचएलए' असून एकमेकांना ऐकू येणार नाही. शिवाय उंची, संकेत, नुकसान हे सगळे वाद नव्या फाइलमध्ये जसेच्या तसे उतरतील. दोनच सिम्युलेटर, एकच इमारत, माणसं बसून खऱ्या वेळेत चालवणार, असं असेल तर डीआयएस पुरेसं आहे. भागीदार दहा-बाराच्या वर गेले, प्रत्येकाला सगळा डेटा नको असला, एका वस्तूचा ताबा मधेच दुसऱ्याकडे द्यायचा असला, किंवा माणसांशिवाय शेकडो फेऱ्या खऱ्या वेळेपेक्षा जलद चालवायच्या असल्या, तर एचएलए घ्या. शेवटच्या प्रकारात त्याचं वेळ-व्यवस्थापन फार उपयोगी पडतं, मात्र सगळ्यात हळू भागीदार सगळ्यांना रोखून धरतो हेही लक्षात ठेवा. मधे गेटवे, म्हणजे दुभाष्या प्रोग्राम, बसवून दोन्ही चालवता येतं. ग्राहकाने कंत्राटात एचएलए लिहिलंच असेल तर प्रश्न मिटला.

खऱ्या कमांड पोस्टचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे, आणि सिम्युलेशनची खरी किंमत तिथेच कळते. इथली नेहमीची चूक अशी: सिम्युलेटरमधली सत्य माहिती, म्हणजे कुठलं विमान नेमकं कुठे आणि कोणाचं, गेटवेमधून सरळ कमांड पोस्टच्या पडद्यावर नेतात. चित्र सुंदर येतं. सहा विमानं, सहा खुणा, प्रत्येकावर बरोबर नाव. प्रात्यक्षिक होतं, टाळ्या पडतात, आणि जुळणीबद्दल कोणालाच काही कळलेलं नसतं. प्रत्यक्षात कमांड पोस्टला सत्य कधीच मिळत नाही. तिला दोन-तीन रडारचे चुकलेले, उशिरा आलेले, कधी एकमेकांशी भांडणारे अहवाल मिळतात. यंत्रणा जुळतात की नाही ते या भांडणात ठरतं.

म्हणून दोन वेगळी जाळी ठेवा. एकावर सत्य, ते फक्त सिम्युलेटर आणि लॉगर बघतील. दुसऱ्यावर रडारच्या मॉडेलमधून गाळून आलेले अहवाल, खऱ्या डेटा लिंकच्या, म्हणजे लष्करी यंत्रणांना जोडणाऱ्या रेडिओ जाळ्याच्या, संदेशांच्या रूपात. कमांड पोस्टला एवढंच मिळेल. आणि मॉडेलमध्ये मुद्दाम चुका घाला. एका रडारची उत्तर दिशा १ अंशाने चुकवा: १०० किलोमीटरवर तेवढ्याने पावणेदोन किलोमीटरचा फरक पडतो आणि एका विमानाचे दोन ट्रॅक, म्हणजे पडद्यावर दोन वेगळ्या खुणा, होतात. दुसऱ्याचे अहवाल दोन सेकंद उशिरा सोडा. पाच टक्के संदेश गाळा. मधेच लिंक तीस सेकंद तोडा आणि परत आल्यावर ट्रॅकना जुनेच क्रमांक मिळतात की नवे, ते बघा. अहवालाच्या दर्जाचा आकडा कायम सर्वोच्च ठेवू नका. नाटोच्या लिंक-१६ मध्ये तो ० ते १५ असतो आणि एका विमानाबद्दल कोणी बोलायचं हे त्यावरून ठरतं; सिम्युलेटर सतत १५ पाठवत राहिला तर खऱ्या रडारला तोंडच उघडता येत नाही. आपल्याकडच्या लिंकची कागदपत्रं ग्राहकाकडूनच मिळवावी लागतील, आणि ती अंमलात असलेल्याच आवृत्तीची आहेत ना याची लेखी खात्री घ्या.

मोजायचं काय? सत्याचा लॉग आणि कमांड पोस्टचा लॉग शेजारी ठेवून प्रत्येक सेकंदाला चार गोष्टी. प्रत्यक्ष विमानं सहा आणि पडद्यावर ट्रॅक आठ, म्हणजे गुणोत्तर १.३३. ट्रॅक आणि खरी जागा यांतलं अंतर. एकाच विमानाला दोन पडद्यांवर वेगळी ओळख, एकीकडे आपला आणि दुसरीकडे अनोळखी, असे किती सेकंद गेले. आणि आदेश दिल्यापासून तो मारणाऱ्याच्या पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ. सरासरीवर समाधान मानू नका, सगळ्यात वाईट दहा सेकंद उघडून बघा.

तिसरं मोजमाप सगळ्यात वर का ठेवायचं, त्याला इतिहास आहे. इराक युद्धात २३ मार्च २००३ ला अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण क्षेपणास्त्राच्या तुकडीने ब्रिटनचं टॉर्नेडो विमान पाडलं, वैमानिक आणि नेव्हिगेटर दोघेही गेले. पॅट्रियटने त्याला रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र ठरवलं होतं. ब्रिटिश चौकशीत वर्गीकरणाच्या निकषांबरोबर आयएफएफ, म्हणजे आपला-परका ओळखणारी यंत्रणा, आणि तुकडीचा बाकीच्यांशी अपुरा संपर्क हीदेखील कारणं निघाली. २ एप्रिलला असंच अमेरिकी नौदलाचं एफ-१८ गेलं. पुढे अमेरिकेच्या डिफेन्स सायन्स बोर्डाने नोंदवलं की आयएफएफची ही कमजोरी अनेक सरावांत आधीच दिसली होती, तरी ठोस दुरुस्ती झाली नव्हती. आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमधल्या बडगाममध्ये वायुदलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं. तेव्हा आयएफएफ बंद किंवा बिघडलेलं, लिंक तुटलेली, तुकडी एकटी पडलेली, ही परिस्थिती तुमच्या चाचणीच्या यादीत पहिल्या पानावर हवी. आणि सापडलेल्या प्रत्येक दोषापुढे दुरुस्त कोण करणार त्याचं नाव आणि तारीख, नाहीतर सराव फुकट.

सिम्युलेशन काय सिद्ध करू शकत नाही तेही ग्राहकाला आधीच सांगून ठेवा. जॅमिंगमध्ये खरा रेडिओ कसा वागतो, अँटेनाला डोंगर कसा आड येतो, गुप्तीकरणाच्या किल्ल्या जुळतात का, खऱ्या लिंकची क्षमता गर्दीत पुरते का, हे आयपी केबलवर कळत नाही. त्यासाठी खरं हार्डवेअर मधे बसवून, मग मैदानावर चाचणी लागते. दीर्घकाळ चालल्यावर काय होतं तेही दोन तासांच्या सरावात दिसत नाही. २५ फेब्रुवारी १९९१ ला, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये पॅट्रियट यंत्रणा शंभरेक तास सलग चालू होती, ०.१ सेकंद २४ बिटांत छाटून लिहिल्याने तिचं घड्याळ ०.३४ सेकंद सरकलं होतं. येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र तिला सापडलं नाही आणि २८ सैनिक ठार झाले. निदान एक चाचणी चार दिवस न थांबवता चालवा. माणसं नकोत, रेकॉर्ड केलेला डेटा फिरवत ठेवला तरी चालेल.

आता कामाचा क्रम. आयईईई १७३० मध्ये याची सात पायऱ्यांची पद्धत आहे, ती वाचा, पण तुम्ही आधीच अर्ध्यावर आहात म्हणून छोटा मार्ग देतो. आठवडाभर कोडला हात लावू नका. करार लिहा, पंधरा-वीस पानं पुरतात: डेटम आणि उंची, वेळेचा प्रकार, परवानगी असलेले डेड रेकनिंग क्रमांक आणि मर्यादा, वस्तूंची यादी, साइट आणि अॅप्लिकेशनचे क्रमांक, पोर्ट, भूभागाच्या फाइलची आवृत्ती, नुकसान कोण ठरवणार, सुरू आणि बंदचा आदेश कोण देणार. दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. सह्या कायद्यासाठी नाहीत. सही करायची वेळ आली की माणूस नीट वाचतो.

मग एकेक पायरी. आधी एक स्थिर रणगाडा, अचूक माहीत असलेल्या बिंदूवर. दोन्ही पडद्यांवरचे अक्षांश, रेखांश, उंची कागदावर उतरवा; मीटरभरापेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जायचं नाही. नंतर सरळ जाणारं विमान, २५० मीटर प्रति सेकंद. नंतर तेच विमान सेकंदाला ३ अंश वळवा: दोन मिनिटांत वर्तुळ पूर्ण व्हायला हवं, त्रिज्या सुमारे ४,७७५ मीटर. घेणाऱ्याकडे ते बहुकोनी दिसलं तर डेड रेकनिंग जुळलेलं नाही. मग तासाचा काटा ओलांडून चालवा. मग एकच क्षेपणास्त्र, एकच लक्ष्य, आणि गोळीबारापासून नुकसानीपर्यंतची सगळी पॅकेट वायरशार्क या नेटवर्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये क्रमाने बघा; त्याला डीआयएस वाचता येतं. त्यानंतर गर्दी. पाचशे वस्तू, प्रत्येकाची सेकंदाला दोन पॅकेट, प्रत्येक १४४ बाइटचं: सगळं मिळून दीड मेगाबिटच्या आत. नेटवर्कला हे काहीच नाही. कोलमडतो तो घेणारा प्रोग्राम, कारण पॅकेट वाचणं आणि चित्र काढणं एकाच थ्रेडमध्ये असतं, बफर भरतो आणि यूडीपी, म्हणजे पोच न घेता पॅकेट पाठवण्याची पद्धत, मुकाट्याने पॅकेट गाळून टाकतं. वाचण्याचा थ्रेड वेगळा ठेवा आणि टाकलेल्या पॅकेटचा आकडा पडद्यावर दाखवा.

खरी कमांड पोस्ट जोडण्याआधी एक गोष्ट मात्र तडजोडीत घालू नका. सिम्युलेशनमधले ट्रॅक खऱ्या लिंकवर जाऊ शकणारी प्रत्येक तार काढून ठेवा, संदेशातली सराव असल्याची खूण लावा, आणि लाँचरकडे जाणारं फायरिंग सर्किट हाताने तोडून त्यावर माणूस उभा करा. फक्त सॉफ्टवेअरमधल्या खुणेवर विसंबून राहू नका. उद्या कोणीतरी नवी आवृत्ती टाकेल आणि ती खूण वाचणारी ओळच गायब असेल.

स्थिर रणगाड्याची चाचणी आधी करा आणि तिचे आकडे इथे लिहा: दोन्हीकडची उंची, आडवा फरक, आणि टाइमस्टॅम्पचा शेवटचा बिट. जागा काल्पनिक घ्या, पण महाराष्ट्रातलीच, म्हणजे उंचीचा फरक तोच येईल. लॉगच्या फाइल मात्र इथे टाकू नका. त्यांत वस्तूंचे संकेत आणि रडारचे आकडे असतात, आणि ते ग्राहकाचे आहेत.